‘काषाय’ म्हणजे केवळ तांबडें काय ? : धर्मसूत्रांतील वस्त्रविषयक स्थळांच्या एका भाषांतराची परीक्षा

गौतम व आपस्तंब ह्यांच्या धर्मसूत्रांत ब्रह्मचाऱ्याच्या वस्त्रांविषयीं जीं थोडीं सूत्रें आहेत, तीं आजवर बहुतेकांनीं आचाराच्या दृष्टीनेंच वाचलीं. कोणत्या वर्णाच्या बटूनें काय नेसावें एवढाच त्यांचा विषय, असें समजून वाचक पुढें जातो. परंतु कापूस, ताग व जवस ह्यांच्या सुताचीं वस्त्रें आणि त्यांस चढविलेले वनस्पतिज रंग ह्यांविषयींचे आपल्या देशांतील जुन्यांत जुने जे लेखी उल्लेख, त्यांत ह्या सूत्रांची गणना होते. ह्या नात्यानें त्यांतील एकेका शब्दास मोल आहे. शब्दाचा अर्थ ढिला केला तर आचाराचें फारसें बिघडत नाहीं. वस्त्रविद्येच्या इतिहासाचें मात्र पुष्कळ बिघडतें.

ह्या स्थळांचा उल्लेख करणारे लेखक बहुधा मूळ न पाहतां डॉ. गेऑर्ग ब्यूलर ह्यांच्या इंग्रजी भाषांतरावर विसंबतात. आपस्तंब व गौतम ह्यांचें तें भाषांतर ‘सेक्रेड बुक्स ऑफ दि ईस्ट’ ह्या मालेच्या दुसऱ्या खंडांत १८७९ सालीं निघालें. ब्यूलर ह्यांची योग्यता वादातीत आहे. मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजांत त्यांनीं अध्यापन केलें, इकडील शास्त्र्यांशीं त्यांचा निकट सहवास होता, आणि हस्तलिखितांच्या संग्रहाचें त्यांचें काम सर्वश्रुत आहे. त्यांच्या भाषांतरास दीडशें वर्षें होत आलीं तरी तें टाकाऊ झालेलें नाहीं. म्हणूनच त्यांतील उणें असेल तें दाखविणें अवश्य आहे. टाकाऊ ग्रंथांतील उण्यानें कोणी फसत नसतो.

प्रथम सूत्रांचा आशय पाहूं. गौतमाच्या मतें सर्व वर्णांच्या ब्रह्मचाऱ्यांस शाण, क्षौम, चीर व कुतप हीं वस्त्रें चालतात. कापसाचें वस्त्र घेतल्यास तें अविकृत, म्हणजे रंग न दिलेलें असावें. कित्येक आचार्य काषाय वस्त्रही सांगतात; तेथें ब्राह्मणाचें वार्क्ष, आणि इतर दोघांचीं अनुक्रमें मांजिष्ठ व हारिद्र. आपस्तंब शाणी, क्षौम व अजिन सांगून पुढें एकीय मतानें काषाय, राजन्यास मांजिष्ठ व वैश्यास हारिद्र असा क्रम देतो. येथें दोन प्रश्न निघतात. शाण तें कोणतें ? आणि काषाय म्हणजे काय ?

पहिल्या प्रश्नास ब्यूलर ह्यांचें उत्तर ‘हेंप’ असें आहे. इंग्रजींत हा शब्द मोठा उदार आहे. भांगेच्या झाडाचा वाख तो तर हेंपच. आमचा ताग तो ‘सन हेंप’. आमची अंबाडी ती ‘डेक्कन हेंप’. वस्तुतः हीं तीन झाडें तीन निरनिराळ्या कुळांतील. ताग हा शेंगांच्या वर्गांतला, पिंवळ्या फुलांचा. अंबाडी ही भेंडीच्या कुळांतली. भांग ह्या दोहोंपासूनही वेगळी. जेऊरच्या आसपास, उजनीच्या पाण्यावर ऊस वाढल्यापासून, ताग बहुधा फुलावर येतांच जमिनींत गाडून हिरवळीचें खत करण्याकरितां पेरतात. तरी ताग, अंबाडी व भांग ह्यांत येथील लहान मूलही घोटाळा करणार नाहीं. ‘सन हेंप’ ह्या इंग्रजी नांवांतला ‘सन’ हा आमचा ‘शण’च होय, हेंही ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

सूत्रकारांच्या काळींही हा भेद माहीत होता. अथर्ववेदांत शण व भंग ह्यांचे उल्लेख निरनिराळ्या ठिकाणीं आहेत. पाणिनीनें शेतांचीं नांवें साधतांना उमा व भंगा हीं दोन्ही पिकें सांगितलीं आहेत. परंतु सर्वांत स्पष्ट साक्ष पाली विनयाची. महावग्गाच्या आठव्या खंधकांत भिक्षूंच्या चीवरांस सहा जातींचें कापड मान्य केलें आहे : खोम, कप्पासिक, कोसेय्य, कंबल, साण आणि भंग. एकाच यादींत साण व भंग शेजारीं शेजारीं आले असतां दोन्ही एकच म्हणणें शक्य नाहीं. अट्ठकथाकारानें भंग म्हणजे आधींच्या पांच सुतांचें मिश्र कापड किंवा केवळ वाखाचें कापड असे दोन पर्याय दिले आहेत. पण कोणताही घेतला तरी साण त्याहून वेगळाच राहतो. तेव्हां धर्मसूत्रांतील शाण हें तागाचें वस्त्र समजावें, भांगेचें नव्हे. न्यायास धरून एवढें सांगितलें पाहिजे कीं महावग्गाच्या ह्या भागाचें भाषांतर त्याच मालेंत १८८२ सालीं, म्हणजे ब्यूलर ह्यांच्या खंडानंतर, निघालें. दोष आहे तो नंतरच्या लेखकांचा. साधन हातीं असतां त्यांनीं ‘हेंप’चा अर्थ भांग असा करून प्राचीन भारतांत भांगेच्या वस्त्राचा सार्वत्रिक प्रचार असल्याचे सिद्धांत मांडले.

ह्या भेदाचें महत्त्व केवळ वनस्पतिशास्त्रीय नाहीं. अमरसिंहानें वस्त्रांची वर्गणी करतांना क्षौमादि वस्त्रांस ‘वाल्क’ म्हटलें आणि कापसाच्या वस्त्रास ‘फाल’ म्हटलें. एक सालीपासून झालेलें, दुसरें फळापासून झालेलें. आजचे वस्त्रशास्त्रज्ञ सालीचा तंतु व बियांवरचा तंतु असा जो मूलभूत भेद करितात, तो हाच. रंगाऱ्याला तो प्रथमच जाणवतो. कापसाच्या तंतूवर मेणचट अंश असतो. तो खारांत उकळून काढल्याशिवाय पाणी आंत शिरत नाहीं. तागाचा तंतु देठ कुजत घालून सोलावा लागतो. त्यांत काष्ठाचा अंश राहतो, आणि त्याचा मूळचा पिंगट वर्ण पुष्कळदां धुवून व उन्हांत वाळवूनही पुरता जात नाहीं. म्हणून एकाच कढईंतून निघालेला रंग कापसावर उजळ व तागावर मंद दिसतो.

आतां दुसरा व अधिक महत्त्वाचा प्रश्न. काषाय ह्या शब्दाचा अर्थ गौतमाच्या ठिकाणीं ब्यूलर ‘तांबडें रंगविलेलें’ असा करितात आणि वार्क्ष शब्दाशींही तांबड्या रंगाचीच सांगड घालतात. आपस्तंबाच्या ठिकाणीं मात्र त्याच काषाय शब्दाचा अर्थ ते ‘तांबड्या लोध्रानें रंगविलेलें’ असा देतात. एकाच ग्रंथांत, एकाच प्रसंगीं, एकाच शब्दाचे हे दोन अर्थ : एका ठिकाणीं वर्ण, दुसऱ्या ठिकाणीं द्रव्य. मूळ सूत्रांत द्रव्याचाच प्रसंग आहे. मांजिष्ठ म्हणजे मंजिष्ठेनें रंगविलेलें, हारिद्र म्हणजे हळदीनें रंगविलेलें. त्यांच्या पंक्तींतील काषाय म्हणजे कषायानें रंगविलेलें, हा अर्थ सरळ आहे. व्याकरणही तेंच सांगतें. अष्टाध्यायीच्या चौथ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादाचें पहिलेंच सूत्र रंगद्रव्यवाचक शब्दापासून ‘त्यानें रंगविलेलें’ ह्या अर्थीं प्रत्यय सांगतें, आणि काशिकाकार त्याचीं उदाहरणें देतो तीं काषाय, मांजिष्ठ व कौसुंभ हींच. गाढवाचे कान काषाय किंवा कोंबड्याचे पाय हारिद्र असें लोक म्हणतात त्याची वाट काय, असा प्रश्न काशिकेंत घेतला आहे. उत्तर असें कीं तेथें उपमेनें प्रयोग झाला आहे. म्हणजे काषाय हें वर्णाचें नांव होणें ही मागाहूनची, गौण गोष्ट. मुख्य अर्थ द्रव्याचा. ब्यूलर ह्यांनीं गौतमाच्या ठिकाणीं गौणास मुख्य केलें.

मग कषाय हें द्रव्य कोणतें ? कषाय म्हणजे तुरट रस, आणि तुरट वस्तूंचा काढा. गौतमाचा वार्क्ष शब्द येथें भाष्यासारखा उपयोगी पडतो : काषाय तें वृक्षापासून झालेलें. महावग्गांत हीच गोष्ट विस्तारानें आहे. भिक्षु आरंभीं शेण व पिंवळी माती लावून चीवरें रंगवीत. तीं दुर्वर्ण होऊं लागलीं, तेव्हां मूळ, खोड, साल, पान, फूल व फळ असे सहा प्रकारचे रंग मान्य झाले. आणि काढा शिजला कीं नाहीं हें पाहण्यास त्याचा थेंब पाण्यांत किंवा नखाच्या पाठीवर टाकून पाहण्याची युक्तीही तेथें सांगितली आहे. साल व फळ ह्यांचे तुरट काढे म्हणजे आजच्या भाषेंत टॅनिनचे काढे. खैर, बाभूळ, हिरडा हीं आपल्या परिचयाचीं उदाहरणें. वाळलेल्या हिरड्याच्या फळांत टॅनिनचा अंश शेंकडा ३० च्या आसपास असतो. अशा काढ्यांत कापूस किंवा ताग बुडविला असतां जो वर्ण येतो तो पिंगट, पिंवळसर किंवा तांबूस असतो. मंजिष्ठेसारखा तांबडा नव्हे. काषायास ‘तांबडें’ म्हटल्यानें तें मांजिष्ठाशीं एकरूप होतें, आणि सूत्रकारानें मुद्दाम केलेला भेद पुसला जातो.

येथवरचें विवेचन कोशांतील पुराव्यानें झालें. परंतु रंगकामाविषयींचा शब्द कढईजवळ नेऊन पाहिल्याशिवाय त्याची परीक्षा पुरी होत नाहीं. लोकर व रेशीम हे प्राणिज तंतु कित्येक रंग सहज धरितात. कापूस व ताग हे वनस्पतिज तंतु तसे धरीत नाहींत. म्हणून इकडील रंगारी कापड खारांत उकळून स्वच्छ केल्यावर आधीं हिरड्याच्या पाण्यांत घालीत, मग तुरटीच्या, आणि शेवटीं रंगाच्या कढईंत. तुरट द्रव्य तंतूला चिकटतें, तें तुरटींतील धातूचा अंश धरून ठेवितें, आणि त्या धातूला रंग जखडला जातो. हा क्रम आम्हीं जेऊर येथें स्वतः करून पाहिला. शंभर ग्रॅम सुती कापडास वीस ग्रॅम हिरडा व पंधरा ग्रॅम तुरटी असें प्रमाण धरलें, आणि काष्ठौषधींच्या दुकानांतील मंजिष्ठा घेतली. हिरडा व तुरटी न लावलेल्या तुकड्यास फिकट, मळकट गुलाबी झांक आली व ती दोनतीन धुण्यांत बहुतेक गेली. दोन्ही लावलेला तुकडा विटेसारखा तांबडा झाला व तसाच राहिला. तुरटीच्या जागीं हिराकस घातला तेव्हां तीच मंजिष्ठा काळपट जांभळी उतरली. तागाच्या सुतावर तिन्ही वेळां तोच क्रम, पण एक छटा मंद. हळदीचा तुकडा प्रथम सर्वांत झगझगीत दिसला आणि उन्हांत टांगल्यावर सर्वांच्या आधीं उडाला.

ह्या दृष्टीनें पाहतां काषाय हें केवळ एक निराळें वस्त्र नसून कापसावर व तागावर चढणाऱ्या पक्क्या तांबड्या रंगाची ती पहिली पायरी ठरते. व्याकरणांतही ह्या कसबाचे अवशेष आहेत. पुढल्याच सूत्रांत लाक्षा व रोचना ह्यांस वेगळा प्रत्यय आहे. वार्त्तिककारानें तेथें शकल व कर्दम ह्यांची भर घातली, आणि काशिकेच्या पाठांत तीं पदें सूत्रांतच आहेत. कर्दम म्हणजे चिखल. चिखलानें कापड मळतें, रंगतें कसें, अशी शंका पंडितास येईल. रंगाऱ्यास येणार नाहीं. लोहयुक्त चिखल टॅनिन लावलेल्या कापडावर घातला कीं काळा रंग उमटतो. आफ्रिकेंतील माली देशांत सुती कापडावर आणि जपानच्या अमामी बेटावर रेशमावर हें चिखलाचें रंगकाम प्रसिद्ध आहे.

साहित्यशास्त्रकारांची साक्ष तर ह्याहून स्पष्ट आहे. चौदाव्या शतकांतील विश्वनाथानें साहित्यदर्पणाच्या तिसऱ्या परिच्छेदांत पूर्वरागाचे तीन प्रकार सांगितले आहेत. फार शोभत नाहीं पण मनांतून जात नाहीं तो नीलीराग. शोभतो पण जातो तो कुसुंभराग. जात नाहीं व अत्यंत शोभतो तो मंजिष्ठाराग. प्रेमाचें हें वर्गीकरण रंगाऱ्याच्या अंगणांतून उचललेलें आहे, आणि तें तंतोतंत खरें आहे. निळीचा रंग पाण्यांत विरघळत नाहीं. चुना, गूळ इत्यादिकांनीं आंबविलेल्या पिपांत तो विरघळतो, कापड हिरवट पिंवळें बाहेर येतें व हवेंत निळें होतें. तेथें तुरटीचें काम नाहीं. कुसुंभ म्हणजे करडईचें फूल. त्याचा पिंवळा अंश पाण्यानें धुवून टाकून उरलेला तांबडा अंश खारानें सोडवावा व आंबटानें उठवावा लागतो. तो देखणा खरा, पण उन्हास व खारास टिकत नाहीं. मंजिष्ठेस मात्र रंगबंधक हवा. तीन द्रव्यें, तीन कृति, तीन स्वभाव. मुंबई इलाख्याच्या दख्खनी जिल्ह्यांच्या १८८४-८५ च्या ग्याझेटियरांत रंगाऱ्यांहून निळीचें काम करणारे निराळी वेगळे नोंदले आहेत, ह्याचेंही कारण कृतीच्या ह्या भेदांतच शोधलें पाहिजे.

येथें एक आक्षेप येईल. सूत्रांत तुरटीचें नांव नाहीं; मग कषाय ही पायरी होती हें कशावरून ? आक्षेप रास्त आहे. तुरटीचें वस्त्रावरील कार्य स्पष्ट शब्दांत सांगणारें संस्कृत वचन रसरत्नसमुच्चयांत आहे. सौराष्ट्रांत होणारी तुवरी ही वस्त्रांस लावतात व ती ‘मंजिष्ठारागबंधिनी’ आहे, असें तो ग्रंथ सांगतो. रंगबंधक ह्या अर्थाचा याहून नेमका शब्द मागून मिळावयाचा नाहीं. परंतु हा ग्रंथ सूत्रांच्या मानानें फार अर्वाचीन आहे, आणि त्याच्या आधारें गौतमाच्या घरीं तुरटी नेऊन ठेवणें हें इतिहासाचें काम नव्हे. ब्यूलर ह्यांनीं सुचविलेल्या लोध्राविषयीं मात्र एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. लोध्राच्या जातीचीं झाडें जमिनींतील ॲल्युमिनियमचा अंश अंगांत सांठवितात; भूतान व इंडोनेशिया ह्या देशांत त्या जातीच्या झाडांचीं पानें तुरटीऐवजीं रंगबंधक म्हणून वापरीत आले आहेत. तेव्हां काषायाचा लोध्राशीं संबंध खरा असेल तर तुरट द्रव्य व धातु हीं दोन्ही एकाच सालींत मिळत असण्याचा संभव आहे. संभव म्हणजे सिद्धि नव्हे. पण ‘तांबडें’ ह्या एका शब्दानें हा संभव तपासण्याची वाटच बंद होते.

अर्थ ढिले ठेविल्यानें काय होतें ह्याचें मोठें उदाहरण मोहेंजोदडोचें. तेथें चांदीच्या भांड्यास चिकटून राहिलेले कापडाचे तुकडे कापसाचे असल्याचा निर्णय मुंबईस माटुंग्याच्या प्रयोगशाळेंत गुलाटी व टर्नर ह्यांनीं केला, आणि १९२८ सालीं त्यांचें टिपण निघालें. मार्शल ह्यांचा ग्रंथ १९३१ चा. त्या सुतास मंजिष्ठवर्गीय रंग असल्याचें सांगण्यांत आलें, आणि तेव्हांपासून ‘सिंधुकाळीं मंजिष्ठा होती’ असें सरसकट लिहिलें जातें. परंतु मंजिष्ठवर्ग हें कुळाचें नांव आहे. आपल्या दख्खनच्या काळ्या जमिनींत होणारी आल, चोळमंडलाकडील चिरवल आणि डोंगरांतली मंजिष्ठा, तिन्ही त्याच कुळांतल्या, तिहींचीं मुळें तांबडा रंग देणारीं. आलेचीं मुळें तिसऱ्या-चौथ्या वर्षीं खणीत, आणि बारीक मुळांस भाव अधिक. खारवा म्हणून जें जाडें तांबडें कापड पूर्वीं मिळे तें ह्या आलेचें. कृत्रिम ॲलिझरीन १८६८ सालीं सिद्ध झालें, कृत्रिम नीळ १८९७ सालीं बाजारांत आली, आणि आलेचीं शेतें मोडलीं. जी वनस्पति शेतांतून गेली ती हळूहळू शब्दकोशांतूनही जाते, आणि मग प्रत्येक जुना तांबडा धागा आपण डोळे मिटून मंजिष्ठेच्या नांवावर मांडतो.

एकंदरींत ब्यूलर ह्यांच्या भाषांतराविषयीं आमचें मत असें. आचाराच्या दृष्टीनें तें विश्वसनीय आहे. वस्त्रविद्येचें साधन म्हणून तें मुळाशीं ताडून पाहिल्याशिवाय वापरूं नये. शाण ह्याचा अर्थ ताग असा घ्यावा. काषाय ह्याचा अर्थ ‘तुरट सालीच्या काढ्यांत रंगविलेलें’ असा घ्यावा. मांजिष्ठ, हारिद्र हीं द्रव्यनामें समजून तशींच ठेवावीं. त्यांचीं वर्णनामें करूं नयेत.

हा विवेक केवळ ग्रंथांपुरता नाहीं. इतिहाससंशोधकांच्या हातीं येणारीं मोडी दप्तरें रुमालांत बांधलेलीं असतात, पोथ्या बासनांत असतात. आपण कागद वाचतों, त्याची नक्कल घेतों, आणि जीर्ण रुमाल फेंकून नवें कापड बांधतों. फार तर जुना रुमाल साबणानें धुवून घेतों. ज्या कापडावर आल, नीळ, हिरडा व हिराकस ह्यांचा पुरावा प्रत्यक्ष बसला आहे, तें कापड असें आपल्याच हातून नाहींसें होतें. आज प्रयोगशाळेंत धाग्याच्या अगदीं लहान तुकड्यावरून रंगद्रव्य ओळखतां येतें. कापडास धक्का न लावतां केवळ प्रकाशाच्या परावर्तनावरूनही कित्येक रंगांची जात सांगतां येते. म्हणून संग्रहाच्या यादींत प्रत्येक रुमालाची नोंद स्वतंत्र असावी : तंतु कापसाचा कीं वाखाचा, वीण कशी, रंग कोणता दिसतो, आंतील सर्वांत जुन्या व सर्वांत नव्या कागदाची मिति कोणती. नोंद होईपर्यंत रुमाल धुवूं नये, व नोंद झाल्यावरही टाकूं नये. आणि नोंद करणारानें ‘लाल कापड’ एवढें लिहून थांबूं नये. रंगद्रव्य ठरलें नसेल तर तसें स्पष्ट लिहावें, ठरलें असेल तर त्याचें नांव लिहावें.